बिजागरीचं गाणं

मित्रांनो, मी एक जुना पिंजरा आहे. छत्रीने, शाळेच्या घंटेने किंवा शिलाई मशीनने आपली कहाणी सांगायला घेतली की तुम्ही कौतुकाने सरसावून बसता. पिंजऱ्याने तोंड उघडलं की लोक इकडेतिकडे बघू लागतात. बघू द्या. मलाही तुमच्या डोळ्यांत बघून बोलता येणार नाही.

माझा जन्म धुळ्याचा. तारेच्या जाळ्या विणणाऱ्या एका कारागिराने मला घडवलं. तळाला तेलाच्या डब्याचा पत्रा लावला, वर आकडा बसवला. दाराला बिजागरी मात्र संपली होती. मग त्याने एका मोडक्या ट्रंकेची बिजागरी काढून मला ठोकली. ती जन्मापासूनच कुरकुरी. दार उघडलं की ‘कर्रर्र’ आणि कडी पडली की ‘टक्’. मला दुसरा आवाज नाही. हा कर्रर्र-टक् एवढा लक्षात ठेवा, कारण माझी सगळी शरम त्यातच आहे.

शिंदखेड्याच्या भिकमचंद शेठजींच्या वडिलांनी मला विकत आणलं. तेव्हा माझ्यात एक पोपट होता. तो ‘जय जिनेंद्र’ म्हणायचा आणि किराणा घ्यायला आलेली माणसं पिशवी खाली ठेवून ऐकत उभी राहायची. वा वा व्हायची ती माझीच, असं मी खुशाल समजायचो. पोपट एक दिवस उडून गेला. पुढे पोपट पाळायला बंदी आहे हे घरात कळलं आणि माझी नेमणूक स्वयंपाकघरात झाली, मांजरापासून दुधाचं पातेलं राखायला. दुकानात शेंगदाणा तेलाच्या डब्यांची उतरंड होती, पण माझ्या बिजागरीला कधी थेंब मिळाला नाही. तक्रार नाही. दूध कधी वा वा करत नाही, पण ते उडूनही जात नाही.

मागच्या वर्षी जूनमध्ये शेठजींनी दुकानावर दिव्यांची नवी पाटी लावायचं ठरवलं. जुनी पाटी उतरवली तशी तिच्यामागचं साळुंकीचं घरटं खाली आलं. पिल्लांपैकी एकच वाचलं. चिमणी मेली तरी उपास करणारं हे घर. शेठजी दिवसभर जेवले नाहीत. त्यांच्या पत्नी चंद्रकांताबाई यांनी दुधाचं पातेलं बाहेर काढलं, मला घासलं, आत मऊ फडकं घातलं आणि पिल्लाला ठेवून ओट्यावर टांगलं. नातीने, चेलनाने, त्याचं नाव ठेवलं पिहू.

आणि मित्रांनो, तिथे सगळं बरोबर चाललं होतं. पिहूचे आईबाप समोरच्या निंबावर होते. ते सारखे ये-जा करायचे. आई माझ्या तारांतून चोच आत घालून भरवायची, आणि प्रत्येक घासाआधी काहीतरी बोलायची. तिचं ते मान हलवत, गळा फुगवत बोलणं मी इतक्या जवळून कधी ऐकलं नव्हतं. पिहू चोच वासायची आणि आतल्या आत काहीबाही पुटपुटायची.

तिसऱ्या का चौथ्या सकाळी आईने नाकतोडा आणला. जिवंत, पाय झाडणारा. चंद्रकांताबाई नेमक्या तेव्हा सामायिकाला, म्हणजे रोजच्या ध्यानाला, बसायला निघाल्या होत्या. आपल्या ओट्यावर, आपल्याच पिंजऱ्यात जीवहत्या होताना त्यांनी पाहिली. त्यांनी मला उचलून आतल्या खोलीत नेलं. खिडकी लावली. त्या दिवसापासून पिहूला भिजवलेली डाळ, पनीर आणि सावद्याच्या केळ्याचा लगदा सुरू झाला. बाईंच्या मनात दयेशिवाय काही नव्हतं. आईबाप बरेच दिवस खिडकीच्या काचेशी येऊन ओरडत राहिले. मग येईनासे झाले.

पिहू गुटगुटीत झाली. पंख चकाकू लागले. पण त्या खोलीत तिच्याशी बोलणारं होतं कोण? घरातली माणसं लाडाने काहीतरी म्हणून निघून जायची. घास येण्याआधी दर वेळी एकच आवाज व्हायचा, तो माझा. तिच्या आईच्या बोलण्याची जागा माझ्या गंजक्या बिजागरीने घेतली.

एका दुपारी माझं दार बंद असताना खोलीत दार उघडलं. कर्रर्र-टक्. चंद्रकांताबाई धावत आल्या, त्यांना वाटलं मांजर. बघतात तर पिहू गळा फुगवून माझा आवाज काढत होती. घरात नुसता हशा. चेलनाने व्हिडिओ काढला, तो चाळीसगावच्या आत्यापर्यंत गेला. आणि मी? लपवत नाही, मी फुशारलो. पोपटाच्या वेळची वा वा परत आली असं वाटलं.

ती फुशारकी उतरवली निंबावरच्या एका साळुंकीने. काचेतून मला ती फांदी दिसायची. दुसऱ्याच घरट्यातला एक बाप बसलेला, शेजारी त्याचं त्याच वर्षीचं पिल्लू. बाप एक लकेर घ्यायचा आणि पिल्लाकडे बघायचा. पिल्लू अडखळत, बोबडं, भलतंच काहीतरी म्हणायचं. बाप पुन्हा तीच लकेर घ्यायचा. पिल्लाचं थोडंसं जमलं की बाप मान डोलवत जवळ सरकायचा, आणि पिल्लू तेवढंच घोळवत बसायचं. तेव्हा मला कळलं की पाखराचं बोलणं पोटातून तयार येत नाही. समोर बसून, चुकतमाकत, कोणीतरी मान डोलवून ते घडतं. आमची पिहूही माझ्याकडे बघून पुटपुटायची आणि थांबायची. वाट बघायची. मी लोखंड. मला मान नाही, डोलवू काय?

संवत्सरीचा दिवस आला. पर्युषणाचा शेवटचा दिवस, जैन घरात सगळ्यांची क्षमा मागायचा. या दिवशी पिहूला अभयदान द्यायचं असं शेठजींनी जाहीर केलं होतं. मला पुन्हा ओट्यावर आणलं आणि समोर बरीच मंडळी जमली. चेलना रडत होती, पण दार तिनेच उघडलं.

पिहू उडाली आणि निंबावर बसली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. फांदीवर साळुंक्यांचा थवा होता. एक तिच्याकडे वळून काहीतरी बोलली. पिहूने गळा फुगवला, मान झुकवली आणि अगदी मनापासून उत्तर दिलं. कर्रर्र-टक्.

थवा गप्प झाला. बोलणारी पुन्हा बोलली. पुन्हा कर्रर्र-टक्. मग दोघीतिघी तिच्यावर धावून गेल्या, पिसं उडाली, आणि पिहू सरळ खाली येऊन माझ्या टपावर बसली. आत जायचं म्हणून तीच दार वाजवू लागली, स्वतःच्या गळ्याने.

गर्दीतून कोणीतरी म्हणालं, शेठजी, तुमच्याकडचा माल परत येतो वाटतं. हसू पसरलं. शेठजी हसले नाहीत. झुंबरबाई पुढे आल्या. या शेजारच्या शेतकरी घरातल्या, चंद्रकांताबाईंची जुनी मैत्रीण, पापड लाटायला दरवर्षी सोबत. त्यांनी पिहूचं बोलणं कान देऊन ऐकलं आणि म्हणाल्या, “भाभी, हाई पाखरू बोली नही राहिनं. तुना पिंजरानं दार बोली राहिनं.”

मित्रांनो, तोवर मी कुलपं पाहिली होती, मांजराची नखं सोसली होती. पण भर चौकात आपलाच आवाज एका जिवंत गळ्यातून ऐकणं आणि त्यामुळे त्या जिवाला थव्याबाहेर काढलेलं बघणं, यासारखं काही सोसलं नव्हतं. वितळून जावंसं वाटलं.

त्या दुपारी बाईंनी फोनवरून साऱ्या नातेवाइकांना खमत खामणा म्हणून क्षमा मागितली. जावांना, व्याह्यांना, वर्षभर न बोललेल्या नणंदेलाही. मग फोन ठेवून माझ्यासमोर पाट घेऊन बसल्या.  हात जोडून पिहूला म्हणाल्या, “मिच्छामि दुक्कडम्, बाळा. तुझ्या आईच्या चोचीतला नाकतोडा मला दिसला. ती बोलत होती ते नाही ऐकलं मी.”

चेलनाने विचारलं, दादी, आता ती कधीच शिकणार नाही का? बाईंनी तिला स्वतःची गोष्ट सांगितली. मारवाडातून लग्न होऊन आल्या तेव्हा इथला एक शब्द येत नव्हता. आतल्या खोलीत सासूशी मारवाडी बोलून त्या वर्षभर तशाच कोऱ्या राहिल्या. मग पापड वाळवायला गच्चीवर जाऊ लागल्या. तिथे झुंबरबाई आणि चार बाया. या तोंड उघडायच्या आणि त्या पोट धरून हसायच्या. पण हसून झालं की बरोबर शब्द सांगायच्या, आणि दुसऱ्या दिवशी शेजारी जागा ठेवायच्या. “खोलीत नाही शिकले मी,” बाई म्हणाल्या, “गच्चीवर शिकले.”

दुसऱ्या दिवशी मला गच्चीवर नेलं. बाईंनी पक्कड घेतली आणि माझं दार बिजागरीसकट उपटून काढलं. शेठजींनी कितीही ‘नवी बिजागरी मिळते, मोडू नको’ म्हटलं तरी. माझा एकुलता एक आवाज कचऱ्याच्या टोपलीत पडला. दुखलं, पण त्यात सुटकाही होती. चेलनाला ताकीद मिळाली की तोंडाने कर्रर्र करून पिहूला बोलवायचं नाही. पोर तोंडावर हात दाबून जिन्यात बसायची. तिच्यासाठी ते सोपं नव्हतं.

बाई रोज गच्चीवर दाणे टाकायच्या. साळुंक्या यायच्या. पिहू माझ्या टपावरून बघायची, कडेकडेने सरकायची, हाकलली जायची, परत यायची. दिवाळी गेली. एक म्हातारी साळुंकी, एका पायाने अधू, तिला शेजारी दाणे टिपू देऊ लागली. ती बोलायची आणि पिहूकडे बघायची. पिहू बोबडं काहीतरी म्हणायची. म्हातारी मान डोलवायची. थंडी सरली तेव्हा एका संध्याकाळी पिहू माझ्यात झोपायला आलीच नाही. चेलना रडली आणि हसलीही. मी रिकामा राहिलो, आणि पहिल्यांदाच रिकामेपण मला शोभलं.

माझी कहाणी इथे संपली असती तर मी ताठ आकड्याने टांगून घेतलं असतं. पण या उन्हाळ्यात पिहूची पिल्लं निंबावर आली. ती त्यांना शिकवते. छान लकेर घेते, म्हातारीची, थव्याची, आणि लकेरीच्या अगदी शेवटी बारीकसं कर्रर्र-टक्. पिल्लं मन लावून तेही घोकतात. ती त्यांच्यावर मान डोलवते. आता थव्यातलं कोणी त्यांना हाकलत नाही.

बाईंनी ते ऐकलं आणि कपाळाला हात लावला. झुंबरबाई पापड उलटत म्हणाल्या, “तुना बोलनामा बी आजून मारवाड शे, भाभी. मंग काय बिघडनं?” दोघी हसल्या.

मला हसता आलं नाही. मित्रांनो, पिल्लू जमिनीवर दिसलं तर उचलण्याआधी वर बघा. बहुधा त्याचं कोणीतरी तिथेच असतं, आणि ते बोलत असतं. ते बोलणं तोडू नका. दाणापाणी तुम्ही देऊ शकाल. मान डोलवणारं दुसरं कोणी तुम्हाला कुठून आणता येणार?

संध्याकाळी निंबावर माझं दार उघडतं. इतकं गोड ते माझ्याकडून कधी उघडलं नव्हतं. आणि मला ते ऐकवत नाही.