पॅकिंग पुन्हा गेली

आमची जीप माझ्यापेक्षा वयानं मोठी आहे. बाबांनी ती लिलावात घेतली तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. आता मी अकरावीत आहे, तरी बाबा तिला अजून ‘नवी गाडी’ म्हणतात, कारण त्यांनी तिचं इंजिन एकदा स्वतः उघडून पुन्हा बसवलंय! चारही चाकांना ताकद, वर ताडपत्री, मागे समोरासमोर दोन बाक. सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघं तिला भिलाईबाहेर शिवनाथ नदीच्या काठच्या कच्च्या वाटांवर काढतो. मोठे गोटे आले की मी उतरून पुढे चालते आणि चाक कुठून काढायचं ते हातानं दाखवते. स्टिअरिंग बाबांचं, हुकूम माझा. माझ्या वर्गात हे सुख दुसऱ्या कुणाला असेल तर दाखवा.

आणि हेच सुख रविवारी जाणार होतं.

भानगड सायलेन्सरची होती. इंजिनातून निघालेला पाइप जिथे मागच्या लांब पाइपला जोडतात, तिथे मधात एक चकती असते. धूर तिथून निसटू नये म्हणून. तिला पॅकिंग म्हणतात. आमची पॅकिंग सारखी फुटायची. फुटली की जीप चक-चक-चक करत चालायची आणि खालचा धूर थेट मागच्या बाकावर. सुपेल्याचे गॅरेजवाले कमलेश काका नवी पॅकिंग टाकून द्यायचे, नदीवर एखादी चक्कर झाली की पुन्हा तेच. गेल्या आठवड्यात बोरसीच्या रुक्मा मावशीकडून परत येताना मागे बसलेल्या आईनं अर्ध्या रस्त्यात गाडी थांबवली, ती डोकं धरून कडेला बसली आणि तिला उलटी झाली.

घरी आल्यावर ती शांतपणे म्हणाली, “तो दुर्गचा माणूस जीप विकत मागून राहिला ना? रविवारी बोलवा. चाबी देऊन टाका त्याले.”

“अवं नलू, पॅकिंगच तर आहे...”

“अजी, पॅकिंग तुमची, उलटी माही!”

आईचं काहीच चूक नव्हतं, हाच तर त्रास होता.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर मी सायकल सरळ सुपेल्याला मारली. कमलेश काका एका ट्रॅक्टरच्या पोटात डोकं घालून बसले होते.

“क्या गुंजन मॅडम, फिर गई क्या?”

“गेली. काका, आमच्या जुन्या पॅकिंग फेकल्या का?”

“कबाड में होगी. क्यों, कान में पहनेगी?”

“पहनूंगी ना! जोडी जमते का ते पाहते.”

कबाडाचा डबा मी जमिनीवर पालथा केला. आमच्या जीपची चकती तीन बोल्टची, त्यामुळे लगेच ओळखू येते. सापडल्या तेवढ्या ओळीनं मांडल्या आणि मला एकदम हसूच आलं. सगळ्या एकाच जागी फाटलेल्या. खालच्या कडेला. वरची कड अगदी चांगली.

“काका, माल खराब असता तर कुठूनही फाटली असती. हे पाहा, प्रत्येक वेळी खालूनच!”

“बोल्ट तो मैं बराबर कसता हूँ, बेटा.”

“तुमचं बरोबरच आहे. पण त्या जोडाला कोणीतरी मागून ओढून राहिलंय.”

काकांचा पाना हातातच राहिला. “कौन?”

“ते उद्या सांगते!”

खरं म्हणजे मलाही माहीत नव्हतं. पण म्हणून टाकल्यावर इतकं भारी वाटलं की घरापर्यंत सायकल मी उभ्यानंच चालवली.

शनिवारी बाबांना सुट्टी होती. जीप क्वार्टरसमोर, चाकांना विटा लावलेल्या. मी बोनेट उघडून उभी राहिले.

“बाबा, रेस द्या! आता सोडा! पुन्हा द्या!”

“अगं, काय पाहून राहिली? सिनेमा आहे काय?”

सिनेमाच होता. रेस दिली की इंजिन एका बाजूला कलायचं, सोडली की परत यायचं. कोणी खांदे उडवावेत तसं. ते रबरावर बसलेलं असतं, त्यामुळे डोलणारच, हे मला माहीत होतं. त्याच्यासोबत पुढचा पाइपही डोलत होता. मग मी बाजूला पालथी पडून बॅटरीच्या उजेडात मागचा पाइप पाहिला. तो जागचा हलत नव्हता. भिंतीसारखा.

आणि तिथेच मला तो अँगल दिसला.

आता हे सांगावंच लागेल. माझे बाबा भिलाईच्या पोलादाच्या प्लांटमध्ये वेल्डर आहेत आणि आमच्या घरात जे हलतं ते बाबा वेल्ड करून टाकतात. कूलरचा स्टँड खिडकीच्या गजांना वेल्ड केलेला आहे, म्हणून आमचा कूलर हिवाळ्यातही तिथेच असतो. फाटक डुगडुगलं, तर बिजागरीच वेल्ड करून टाकली. आता आम्ही बाजूच्या काकूंच्या फाटकातून येतो. आई म्हणते, लहानपणी ही पोट्टी फार हलायची, थोडक्यात वाचली. तर, सायलेन्सर पूर्वी तिथे एका रबरी पट्ट्याला लटकलेला असायचा. मागे नदीत गोट्याला लागून तो पट्टा तुटला आणि बाबांनी जाड लोखंडी अँगल लावून पाइप थेट चेसिसला वेल्ड केला. पक्कं काम!

“बाबा, चोर सापडला. पण तुमच्या ओळखीचा आहे.”

बाबा खाली वाकले. मी बोट दाखवलं. त्यांनी अँगलवर प्रेमानं थाप मारली. “हे? अगं, हत्तीनं ओढलं तरी निघत नाही हे!”

“तेच तर म्हणून राहिली! पुढं इंजिन डोलते, मागं पाइप बांधून ठेवला. मधात ती बिचारी पॅकिंग. फाटन नाही तर काय करन?”

बाबा उठले, हात पुसले, पुन्हा वाकून पाहिलं. मला वाटलं, आता रागावतील.

“स्टीमची लाइन टाकतो ना आम्ही,” ते हळूच म्हणाले, “तिले मधातमधात वळसे देतो. कावून, सांग? गरम झाली की लांबते. हलाले जागा नाही दिली तर जोड फाडते.” मग त्यांनी स्वतःच्या कपाळावर हात मारला आणि इतके हसले की बाजूच्या काकू बाहेर आल्या. “दिवसभर तिकडं जागा देतो, अन् घरी येऊन गाडीचा गळा आवळून ठेवला!”

“कापू?”

“काप. पण तरी पॅकिंग गेली तर? उद्या तो माणूस येते.”

“गेली तर चाबी मी देते त्याले. माझ्या हातानं.”

बोलून तर बसले. गॉगल घालून ग्राइंडर मीच धरला, वर बाबांचा हात. ठिणग्या उडाल्या आणि तो हत्तीचा अँगल खणकन खाली पडला. पाइप कुणी खाजवल्यासारखा थरथरला. दुपारी माझा फोन गेल्यावर कमलेश काका ट्रकच्या टायरचा कापलेला पट्टा घेऊन स्वतः आले. पाइप त्याला लटकवला, नवी पॅकिंग टाकली.

रविवारी सकाळी मी आईला म्हणाले, “मागच्या बाकावर बस.”

“मी? मले पुन्हा मारते काय?”

“तुझ्या नाकावरच तर निकाल आहे, आई.”

ती बसली. वर म्हणाली, “ताडपत्रीचे परदे पाडा, धूर आला तर आतच राहीन. पाहाचं तर नीट पाहा.”

बाबांनी गाडी नदीकडे वळवली. कच्ची वाट, खड्डे, मग गोटे. दर धक्क्याला मी पुढचा दांडा घट्ट धरत होते. एका उतारावर एक चाक गोट्यावर चढलं, जीप तिरकी झाली, बाबांनी जोरात रेस दिली. फाटायची ती इथेच. मी कान लावले. चक-चक नाही. फक्त इंजिनचा भरलेला, गोल आवाज. पण मागून आईचा शब्द नाही. मी घाबरून वळून पाहणार, तेवढ्यात तिचा फोन वाजला.

“हो भाऊ, आम्हीच आहो दुर्गचे... म्हणजे तुम्ही दुर्गचे, आम्ही भिलाईचे. जीप? जीप नदीवर आहे. मी आत बसली आहो ना!” तिनं नाकानं मोठा श्वास ओढलेला मला पुढेपर्यंत ऐकू आला. मग आणखी एक. “नाही भाऊ, नाही देत आता. अजी, हळू चालवा ना! धूर नाही म्हणून काय माही कंबर मोडता?”