‘समजलं नाही’ला बंदी

एकोणीसशे शहाण्णव साली श्रीरामपूरच्या आमच्या कॉलेजात दोन संगणक होते आणि त्यांचे दोन मालक होते. एक गणिताचे विभागप्रमुख गहिनीनाथ ढोकणे सर, दुसऱ्या संख्याशास्त्राच्या प्रमुख पुष्पावती गायकवाडबाई. संगणक कागदोपत्री कॉलेजचेच, पण कागदोपत्री आपल्याकडे बरंच काही असतं. मी भौतिकशास्त्र शिकवत होतो. आमच्या विभागाला संगणकच नव्हता, त्यामुळे मला सगळं निवांत बघता आलं.

गणिताच्या संगणकावर पुण्याहून आणलेला एक प्रोग्राम होता. तो समीकरण अक्षरांतच सोडवायचा. दोनच्या वर्गमुळाला दोनचं वर्गमूळच म्हणायचा, दशांश चिन्हाच्या वाटेला जायचा नाही. संख्याशास्त्राचा प्रोग्राम आकडे घ्यायचा आणि आलेख काढायचा. एकाचं उत्तर दुसऱ्याला द्यायचं तर विद्यार्थी ते कागदावर उतरवायचे, व्हरांडा ओलांडायचे आणि पलीकडे पुन्हा टाइप करायचे. घातांक एकीकडे टोपीच्या चिन्हाने लिहायचा, दुसरीकडे दोन चांदण्यांनी.

त्या वर्षी व्हरांड्यात कुठेतरी एक वजाचिन्ह सांडलं. प्रकल्प साखर कारखान्यावरचा होता. आलेख उलटा झाला आणि तोडलेला ऊस जितके दिवस उन्हात पडून राहील तितका साखरेचा उतारा वाढतो, असा शोध आमच्या कॉलेजच्या नावावर लागला. या जिल्ह्यात शेंबडं पोरगंही त्यावर हसलं असतं. दोन्ही विभागप्रमुख मात्र हसले नाहीत. चूक पलीकडच्या विभागाची आहे असं दोघांनीही प्राचार्यांना लेखी कळवलं.

जयमाला सदाफुले ही खर्ड्याची मुलगी आमच्याकडे तासिका तत्त्वावर गणित शिकवायची. म्हणजे दोन्ही विभागांची कामं करायची आणि कुठल्याच विभागाच्या फोटोत नसायची. ती प्राचार्य वाबळ्यांना जाऊन म्हणाली, “सर, दोन्ही संगणकांमध्ये एक तार टाकू या. दोन्ही प्रोग्रामनी एकमेकांशी कसं बोलायचं याचे नियम ठरवले की मधली नक्कल बंद.”

प्राचार्यांना तपासणी समितीपुढे मांडायला काहीतरी नवं हवंच होतं. त्यांनी लगेच परवानगी दिली. म्हणजे समिती नेमली.

पहिल्याच बैठकीत ढोकणे सर म्हणाले, “नियम कसले ठरवायचे? आमच्या प्रोग्रामची पद्धत घ्या. बीजगणित मूळ आहे.”

“मूळ जमिनीखाली असतं,” गायकवाडबाई म्हणाल्या. “लोकांना आलेख दिसतो. आमची पद्धत घ्या.”

“दोन्ही नको,” जयमाला म्हणाली. “तिसरी, सामाईक घेऊ. तारेवरून टोपीही जाणार नाही आणि चांदणीही. फक्त अर्थ जाईल, की घातांक आहे, अमक्याचा, तमका. प्रत्येक प्रोग्रामजवळ एक दुभाषा ठेवायचा. तो घरच्या भाषेतून सामाईक बोलीत आणेल आणि सामाईक बोलीतून घरच्या भाषेत नेईल.”

“म्हणजे आमच्या संगणकाने स्वतःची भाषा सोडायची?”

“सोडायची नाही, सर. मी खर्ड्याला आईशी बोलताना ‘हाय’ म्हणते, वर्गावर ‘आहे’ म्हणते. माझं कुठं काय अडलं? आणि उद्या तिसरा प्रोग्राम आला, तर त्याला फक्त स्वतःचा एक दुभाषा लागेल. पहिल्या दोघांना हातही लावायला नको.”

आपली पद्धत नाही तर नाही, पण समोरच्याचीही नाही, या आनंदात दोघांनीही तिसरी बोली मान्य केली. खरा घोळ पुढे झाला. जयमालाने उत्तरांचे प्रकार वाचून दाखवले: मिळालं, थांबा, हे घ्या उत्तर, समजलं नाही.

“काय समजलं नाही?” ढोकणे सरांनी विचारलं.

“एखादं चिन्ह पलीकडच्या प्रोग्रामला माहीतच नसेल, तर त्याने ‘समजलं नाही’ असं कळवायचं.”

“आमचा संगणक असं म्हणणार नाही. आणि यांना तर मुळीच नाही.”

गायकवाडबाईंनी मान डोलावली. “सगळ्यांसमोर पडद्यावर ‘समजलं नाही’? विभागाची काय शोभा राहील?”

नोकरीच्या इतक्या वर्षांत मी या दोघांना एकमताने काही म्हणताना पहिल्यांदाच पाहिलं. ठराव लगेच झाला. संगणक मिळालं म्हणेल, थांबा म्हणेल, उत्तर देईल. समजलं नाही म्हणणार नाही.

“मग समजलं नाही तर तो काय करेल?” जयमालाने विचारलं.

“गप्प राहील,” प्राचार्य म्हणाले. “सुसंस्कृत माणसासारखा.”

कँटीनमध्ये ती माझ्यासमोर बसली, पण चहाला हात लावेना. “सर, एक गप्प राहणार आणि दुसरा त्याची वाट बघत बसणार. दोघंही तसेच.”

“मॅडम, इथे अख्खे विभाग असेच चाललेत,” मी म्हणालो.

तिला हसू आलं नाही. पण तिने काम केलं. व्हरांड्याच्या छताखालून तार गेली, दुभाषे लिहून झाले. वर्गमुळं, घातांक, अपूर्णांक इकडून तिकडे जाऊ लागले आणि उसाचा उतारा जिल्ह्याला मान्य असलेल्या दिशेला वळला. तो सरळ आलेख बघून ती एकटीच टाळी वाजवून हसली, मग इकडेतिकडे बघून गप्प झाली.

तपासणी समिती आली. रांगोळी झाली, नारळ फुटला, की-बोर्डला कुंकू लागलं. प्राचार्यांनी दोन संगणकांच्या निमित्ताने ज्ञानशाखांच्या बंधुभावावर भाषण केलं. त्या वेळी बंधुभावाचे दोन प्रमुख खोलीच्या दोन टोकांना उभे होते. समितीच्या अध्यक्ष नागपूरच्या एक वयस्क प्राध्यापिका होत्या. पाठ करून ठेवलेली उदाहरणं त्यांनी बघितली आणि म्हणाल्या, “आता एक माझं घ्या.” त्यांनी सांगितलेल्या राशीत क्रमगुणित होतं, ते उद्गारचिन्हाने लिहितात तेच.

गणिताच्या प्रोग्रामने ते ऐटीत तारेवरून पाठवलं. पलीकडून ‘मिळालं’ आलं. मग ‘थांबा’ आलं. मग काहीच आलं नाही.

आम्ही थांबलो. चहा आला. बिस्किटं संपली.

“सखोल प्रक्रिया चालू आहे,” प्राचार्य म्हणाले.

“संगणक तुमचा, अडकला तुमच्याकडे,” ढोकणे सर म्हणाले.

“पाठवलंय तुम्ही,” गायकवाडबाई म्हणाल्या.

अध्यक्षबाईंनी जयमालाकडे पाहिलं. “त्याला क्रमगुणित माहीत नसेल, तर तो तसं सांगत का नाही?”

प्राचार्य डोळ्यांनी जयमालाला काहीतरी सांगत होते. तिने एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, “बाई, त्याला परवानगी नाही. समितीत ठराव झालाय.”

“कसला ठराव?”

“समजलं नाही असं म्हणायचं नाही, असा.”

अध्यक्षबाई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. “परवानगी द्या बरं त्याला.”

जयमालाने दुभाष्यातून काढून ठेवलेल्या ओळी पुन्हा घातल्या आणि तेच उदाहरण पाठवलं. या वेळी क्षणात पडद्यावर रोमन अक्षरांत उमटलं: समजलं नाही, क्रमगुणित. लगेच गणिताच्या प्रोग्रामने उद्गारचिन्ह मोडून साधा गुणाकार करून पाठवला, आणि आलेख निघाला. आम्ही सगळे त्या पडद्याकडे बघत राहिलो. आमच्या इमारतीत ते शब्द विद्यार्थ्यांखेरीज कुणी उच्चारल्याचं मला आठवत नाही.

अहवालात कौतुक आलं. उपक्रम ढोकणे सर आणि गायकवाडबाई यांच्या मार्गदर्शनाखाली झाला, असं त्यात छापलं होतं, आणि जयमालाचं आडनाव ‘सदाफळे’ झालं होतं. पुढे आमच्या विभागालाही संगणक मिळाला. तिने एका दुपारी आमचा दुभाषा लिहिला आणि आम्हीही तारेवर आलो. तार व्हरांड्यातून जाते, तेव्हा ती नेमकी कुठल्या विभागाची, हे ठरवायला प्राचार्यांनी नवी समिती नेमली. जयमालाला तिचं सचिव केलं, म्हणजे चहा सांगायचं काम दिलं.

तिने ते घेतलं नाही. जूनमध्ये तिला जामखेडच्या कॉलेजात कायमची जागा मिळाली. आई कडूबाईंचं घर तिथून जवळ होतं. तिथल्या संगणकावर तिसराच प्रोग्राम निघाला. जामखेडपर्यंत तार कोण टाकणार? पण बोली एकच असल्यामुळे निरोप फ्लॉपीवर घालून एसटीने पाठवला तरी चालत होतं. ढोकणे सरांची अडलेली समीकरणं जामखेडला जाऊ लागली. उत्तरासाठी ते स्वतः स्टँडवर जाऊन उभे राहायचे, आणि गाडीला उशीर झाला की कंडक्टरवर खेकसायचे. कंडक्टर खिडकीतून फ्लॉपीची डबी द्यायचा आणि म्हणायचा, “सर, जामखेडच्या म्याडमनी निरोप दिलाय. डबी उन्हात धरू नका.”