रेकॉर्डवरचा पोरगा

रेकॉर्ड घरी आली त्या रविवारी रासिमने आधी साबणाने हात धुतले आणि मगच वेष्टण फाडलं. मुखपृष्ठावर चौघे जण पोलाद कारखान्याच्या धुरांड्याखाली उभे होते. केस वाऱ्यावर, आणि चेहऱ्यावर असा भाव की जणू आत्ताच कोणाचं तरी घर जाळून आलेत. वर बँडचं नाव, 'कोक्सारा'. खाली अल्बमचं, 'रात्रपाळी'. आई टेबलावर बुरेकसाठी पीठ ताणत होती. फाटू न देता कागदासारखं पातळ करायचं असतं, म्हणून तिने मान वर केली नाही.

"आता ऐक," रासिम म्हणाला, आणि त्याने 'दार उघड' लावलं.

गाणं त्यानेच लिहिलेलं. रात्रपाळी करून आलेला माणूस स्वतःच्याच दारात उभा आहे आणि आतून कोणी उघडत नाही, एवढीच गोष्ट. शेवटी तो तीनदा हाक मारतो, उघड, उघड, उघड, आणि तिसरं 'उघड' वर चढतं. ल्युब्लियानाच्या स्टुडिओत ते गाताना रासिमच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले होते. पण रेकॉर्डवर ते चढलं ते त्याच्या आठवणीपेक्षाही वर. पातळ, धारदार, थेट छताला जाऊन भिडलं. तो ऐकतच राहिला. आपण इतक्या वर गेलो होतो? एकतिसाव्या वर्षी, रोलिंग मिलची एवढी धूळ गिळून? त्याला आभाळ ठेंगणं झालं. स्वतःच्या कौतुकाचा पुरावा कोणी मागत बसत नाही, आणि रासिम तर मुळीच मागणाऱ्यांतला नव्हता.

"हा कोण?" आईने विचारलं.

"कोण म्हणजे? मी."

"हा कोणीतरी कोवळा पोरगा आहे," आई म्हणाली. "आणि कोणीतरी त्याच्या पाठीमागे काठी घेऊन लागलंय. तू नाहीस हा."

रासिमने सुई उचलून ठेवली. आईला, म्हणजे हायरियाबाईंना, गिटार कधीच आवडली नव्हती, मुलाचे केसही आवडले नव्हते, तेव्हा रेकॉर्ड तरी कशी आवडणार, असं त्याने मनाला समजावलं. जेवताना तो आईशी अवाक्षर बोलला नाही. बुरेक मात्र तीनदा घेतला.

पुढे जे झालं त्याची त्यांच्या झेनित्सा गावात कोणी कल्पनाही केली नव्हती. 'दार उघड' रेडिओवर वाजू लागलं, मग कॅफेत, मग बसस्टँडवर. सराएव्होहून पत्रकार आले आणि विचारू लागले की गायक अठराचा की एकोणीसचा. जिन्याखाली खेळणारी पोरं रासिम दिसला की तीनदा 'उघड' ओरडायची, आणि तिसऱ्यांदा डुकराच्या पिलासारखी किंचाळायची. त्याने मिल सोडली. फोरमनने हात मिळवत विचारलं, "तुझी जागा ठेवू का थोडे दिवस?" रासिम ऐटीत म्हणाला, "नको." हे 'नको' पुढे त्याला फार महाग वाटणार होतं. गावातल्या क्रीडागृहात त्यांचा कार्यक्रम ठरला आणि तिकिटं बघता बघता संपली.

तालीम सांस्कृतिक भवनाच्या तळघरात होती. पहिल्याच दिवशी तिसऱ्या 'उघड'ला रासिमचा आवाज फाटला. दुसऱ्यांदाही फाटला. तिसऱ्यांदा आवाजच आला नाही, नुसती हवा आली. दुसऱ्या दिवशी तो घरून ग्रामोफोन उचलून घेऊन आला.

"लोकांनी हे विकत घेतलंय," तो म्हणाला. "हेच वाजवायचं. याच पट्टीत, याच लयीत. रेकॉर्डवर एक आणि स्टेजवर एक असं मला चालणार नाही."

क्रेशो गिटार वाजवायचा आणि शाळेपासूनचा दोस्त होता. तो खुंट्या पिळून तारा चढवू लागला. त्याने रासिमकडे बघितलं नाही.

"तुझा हा डबा जरा जोरात फिरत असेल," तो पुटपुटला.

"आणि रेडिओवाल्यांचा? आख्ख्या युगोस्लाव्हियाचे डबे जोरात फिरतात का?"

क्रेशोने आणखी एक खुंटी पिळली. बेस वाजवणाऱ्या झियोला अचानक बुटाची नाडी बांधायची आठवण झाली. ड्रमवाला मोमिर मात्र घामाघूम होऊन म्हणाला, "हे मी वाजवलंय? त्या दिवशी मला काय पाजलं होतं रे तुम्ही? मनगटं तुटायची वेळ आलीय. म्हातारा झालो मी."

"सगळेच झालोय," रासिम म्हणाला, आणि त्याने ग्रामोफोन बंद केला.

कारण त्याला सुलेमानमामा आठवला होता. मामा साऱ्या पंचक्रोशीत लग्नांत गायचा. रासिमचा गळा मामावर गेलाय असं लोक कौतुकाने म्हणायचे. एका हिवाळ्यात मामाचा वरचा सूर लागेना. मामा हसला, सर्दी आहे म्हणाला. वसंत येईस्तोवर घशाच्या रोगाने आवाज बसला आणि पुढल्या हिवाळ्यात मामाच नव्हता. वरचा सूर आधी गेला होता. रासिमला तेवढंच दिसत होतं.

त्याने सिगारेट सोडली. मग राकियाची दारू सोडली. मग बोलणंही जवळजवळ सोडलं, खाणाखुणा करू लागला, आणि ब्रेडच्या दुकानातल्या बाईला वाटलं की गडी रेडिओवर आल्यापासून चढेल झाला. आईने काही न विचारता घशासाठी सेजच्या पानांचा चहा करून त्याच्यापुढे ठेवायला सुरुवात केली. ती विचारत नाही म्हणजे तिलाही मामाच आठवत असणार, असं वाटून त्याला त्या चहाचीसुद्धा धास्ती बसली. रोज सकाळी तोंड धुताना तो आरशासमोर आ करून उभा राहायचा आणि घशात काही दिसतंय का बघायचा. घशात घसाच दिसायचा.

शेवटी तो दवाखान्यात गेला. डॉक्टरने त्याची जीभ बाहेर ओढून, आरसा घालून निवांत तपासलं.

"काही नाही," डॉक्टर म्हणाला. "बैलाचा गळा आहे तुझा. माझ्या मुलीसाठी सही देतोस?"

झालं. रासिमचं धाबंच दणाणलं. मामालाही पहिल्या डॉक्टरने असंच सांगितलं होतं. आणि जो डॉक्टर सही मागतो, तो वाईट बातमी कशाला देईल? घरी येताना तो पुलावर थांबला. पलीकडे मिलचा भोंगा झाला आणि दुसऱ्या पाळीची माणसं डबे घेऊन फाटकातून आत गेली. फोरमनला जाऊन भेटावं का, असं त्याच्या मनात आलं. पण कोणत्या तोंडाने भेटणार?

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारपासूनच क्रीडागृहाबाहेर पोरांची झुंबड उडाली. कपडे बदलायच्या खोलीत हँडबॉलवाल्यांच्या मलमाचा वास भरून राहिला होता. रासिम बाकावर बसून हळूच सूर लावून बघत होता. खालचे लागत होते, मधले लागत होते. वरच्याजवळ आला की घसा दुखायचा आणि सूर तुटायचा. भिंतीपलीकडे लोक जमत होते आणि आत्तापासूनच 'उघड, उघड' ओरडत होते. प्रत्येक वेळी तिसरं 'उघड' ऐकताना तो डोळे मिटून घ्यायचा.

"क्रेशो," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "बाहेर जाऊन सांग, मी आजारी आहे."

"काय होतंय?"

"मामाला झालं होतं ते. दोन महिने कोणाला बोललो नाही. ल्युब्लियानात लागला होता तो सूर आता लागत नाही. मामाचाही असाच आधी गेला. तुम्ही दुसरा गायक बघा. आईला मात्र मीच सांगेन."

क्रेशोच्या हातातली गिटार गुडघ्यावरून घसरली. त्याने झियोकडे पाहिलं, झियोने जमिनीकडे.

"तो सूर तू कधी लावलाच नव्हतास," क्रेशो म्हणाला.

"काय?"

"ल्युब्लियानात. तू अर्धी पट्टी खाली गायलास. तो ह्रीबार, रेकॉर्ड बनवणारा, त्याने नंतर टेप जरा जोरात फिरवली. सगळं वर चढलं, वेगही वाढला. घरी रेकॉर्डबरोबर वाजवायला बसलो तर गिटार जुळेना, म्हणून मी त्याला फोन केला. तो म्हणाला, गाणं झोपाळू होतं, आता जागं झालं. आणि तुमचा गायक दहा वर्षांनी लहान वाटतो, त्याला सांगू नका, गायकांना लागतं मनाला."

"आणि तू सांगितलं नाहीस."

"पहिल्या दिवशी तू इतका खूश होतास, लेका. मग रोज वाटायचं, आज सांगू. मग तू डबा घेऊन आलास. तू मरायला निघालायस हे कुठे माहीत होतं? मला वाटलं, सर्दी आहे."

मग मोमिर सावकाश म्हणाला, "थांबा. म्हणजे माझी मनगटं ठीक आहेत?"

"ठीक आहेत," क्रेशो म्हणाला.

मोमिरने एक काठी क्रेशोला फेकून मारली आणि विचार करून दुसरी झियोला मारली.

रासिमला आधी एवढंच कळलं की आपण मरत नाही. त्याने छातीभर श्वास घेतला, किती दिवसांनी कोण जाणे. मग दुसरी गोष्ट कळली आणि ती जास्त लागली. ज्या आवाजावर लोक फिदा झाले, ज्याच्या जोरावर त्याने फोरमनला 'नको' म्हटलं, तो आवाज त्याचा नव्हता. एकतीस वर्षांचा मिलवाला कोणाला नको होता, म्हणून त्याच्यातून एक पोरगा काढला होता. क्रेशोच्या थोबाडीत द्यावी असं त्याला वाटलं, आणि त्याच वेळी त्याच्या गळ्यात पडून रडावंसंही वाटलं. त्याने दोन्हींतलं काहीच केलं नाही.

"खाली घेऊ तारा?" क्रेशोने विचारलं. "का राहू देऊ? तू म्हणशील तसं."

बाहेर पुन्हा तिहेरी हाक झाली. ते त्या पोराला बोलावत होते. रासिमने क्षणभर विचार केला, की एकदा खरंच जाऊन बघावं का तिथे वर. मग त्याला पुलावरून ऐकलेला मिलचा भोंगा आठवला.

"खाली घे," तो म्हणाला. "आणि मोमिर, तुझ्या मनगटांना सोसेल तसं वाजव."

'दार उघड' शेवटी आलं. सावकाश आलं, जड पावलांनी, रात्रपाळीहून माणूस येतो तसं. पहिलं 'उघड', दुसरं. तिसऱ्याच्या आधी त्याने माइक घट्ट धरला, कारण भीतीला अजून कोणी खरी बातमी दिली नव्हती. पण सूर तिथेच होता, त्याने ठेवला होता तिथेच. भरदार, थोडा खरखरीत. लोक नाचत राहिले, ओरडत राहिले. एका माणसालाही काही कळलं नाही. आपण दोन महिने ज्याच्यासाठी मेलो, तो फरक या हजारो लोकांत कोणाच्या कानालाही लागला नाही, हे बघून रासिमला हसावं की रागवावं ते समजेना.

मागच्या दाराशी आई उभी होती, चांगला कोट घालून, हातात चहाचा थर्मास. शेजारी एक मुलगी रेकॉर्ड पुढे करून म्हणाली, "यावर तुम्ही किती लहान वाटता." रासिमने पेन घेतलं, जरा घुटमळला आणि सही केली. मुलगी गेली.

"आज तू गायलास," आई म्हणाली.

"आणि रेकॉर्डवर?"

"त्या दिवशी सांगितलं ना, तो तू नाहीस. पण गातो बरा बिचारा." तिने थर्मासचं झाकण उघडून चहा ओतला. "कुठला आहे?"

"ल्युब्लियानाचा."

"मग घेऊन ये एकदा जेवायला. इतकी घाई करतोय, घरी कोणी धड वाढत नसेल त्याला."

रासिम हसला. मोठ्याने, आपल्या जाड आवाजात हसला, आणि हसता हसता त्याच्या लक्षात आलं की घसा दुखत नाहीये.