जन्माआधीचा फोटो

"सर, साडेचार हजाराच्या जुन्या कॅमेऱ्यानं काढलेला फोटो तुमच्या स्पर्धेत चालतो, का तो बाहेर चपलांपाशी ठेवायचा?"

प्रश्नाचा पहिला अर्धा भाग मैत्रीण करिश्मानं पढवलेला होता, चपलांचा तुकडा फरहानानं जोडलेला. विचारला तर दोन प्लेट भेळ, नाही विचारला तर महिनाभर दोघींची दप्तरं उचलायची, अशी पैज होती. भेळेसाठी प्रतीक्षा विहिरीत उडी मारायलाही तयार झाली असती. त्यामानानं उभं राहून बोलणं सोपं होतं.

मुरूमच्या त्या शाळेच्या सभागृहातली सगळी बाकं एकदम करकरली. पहिल्या रांगेतल्या मोठ्या मॅडमनी मान वळवून असं बघितलं की करिश्मा बाकाखाली पेन शोधायला लागली. पेन हातातच होतं.

भागवत सर जिल्हा छायाचित्र स्पर्धेचे परीक्षक. धाराशिवहून खास माहिती द्यायला आले होते, आणि त्यांच्या कॅमेऱ्याला दुधाच्या किटलीएवढी लेन्स होती. ते म्हणाले, "आण बघू इकडं तो साडेचार हजाराचा."

प्रतीक्षानं गळ्यातला कॅमेरा काढून दिला. वजन खलबत्त्याएवढं. मुठीचं रबर निघालेलं, ते डिंकानं चिकटवलेलं. मागचा पडदा काडेपेटीपेक्षा थोडा मोठा. गावात लग्नाच्या शूटिंगची कामं घेणाऱ्या खाजाभाईंनी पाच वर्षांपूर्वी नवा घेतला, तेव्हापासून हा त्यांच्याकडं धूळ खात पडला होता. तिनं दहावीच्या निकालाला मिळालेल्या बक्षिसाचे पैसे देऊन उचलला. सरांनी बटण दाबलं. खटॅक! अख्ख्या सभागृहात आवाज घुमला.

"अरे, माझा पहिला कॅमेरा हाच!" सर चक्क हरखले. "चालतो अजून?"

"पळतो, सर."

हशा पिकला. सर म्हणाले, "मग टाक फोटो स्पर्धेत. कॅमेरा कसलाही असू दे. फोटो तुझा पाहिजे, एवढी एकच अट."

त्या दिवशी भेळ खाताना प्रतीक्षाला तिखट लागलंच नाही. वर्षापूर्वी हजेरीला 'उपस्थित' म्हणतानाही जिचा आवाज बसायचा, ती हीच पोरगी, हे सांगून कुणाला पटलं नसतं. कॅमेरा गळ्यात आला आणि ती बोलायला लागली. फोटो काढायचा तर माणसाला "जरा इकडं बघा की मामा" म्हणावंच लागतं, मग काय! बाजारात, स्टँडवर, रसवंतीपाशी, सगळीकडं खटॅक खटॅक. मिरचीवाल्या बायका तिला 'खटकी' म्हणायला लागल्या.

स्पर्धेला तिनं स्टँडवरचा फोटो पाठवला. एका धनगर बाबांनी दोन दिवसांचं करडू पिशवीत घालून एसटीत आणलं होतं. कंडक्टर म्हणत होता, "बाबा, ह्याचं तिकीट?" आणि बाबा म्हणत होते, "दूध पितंय अजून, त्याला कसलं तिकीट!" तेवढ्यात त्या करडानं खिडकीतून तोंड बाहेर काढलं आणि सगळ्या स्टँडकडं असं रागानं बघितलं, जणू एसटीचा मालकच. खटॅक. खाजाभाईंच्या कॉम्प्युटरवर तिनं चारी बाजू कापून फक्त खिडकी, करडू आणि बाबांची दोन बोटं ठेवली. नाव दिलं, 'अर्धं तिकीट'.

निवड झाली! जिल्ह्यातून बारा फोटो प्रदर्शनाला, त्यात हा. शाळेत पेढे वाटले. मोठ्या मॅडमनी फळ्यावर स्वतःच्या हातानं नाव लिहिलं. स्पर्धावाल्यांनी छापायला मोठी फाइल मागवली, तिनं कापलेल्या फोटोचीच उड्या मारत पाठवली.

चौथ्या दिवशी भूगोलाच्या तासाला शिपाई आला. "प्रतीक्षा, बोलवलंय."

मॅडमच्या टेबलावर फोन ठेवला होता आणि त्यातून भागवत सरांचा आवाज येत होता. आवाजात हसू नव्हतं.

"प्रतीक्षा, तुझा जन्म कधीचा?"

"दोन हजार नऊ, सर. नोव्हेंबर."

"तुझ्या फोटोची तारीख एक जानेवारी दोन हजार आठ आहे."

तिला आधी काही कळलंच नाही.

"म्हणजे बाळ, हा फोटो काढला तेव्हा तू जन्मलीच नव्हतीस."

फाइलीत तारीख लपलेली असते, हेच तिला नवं होतं. आणि मग दुसरा धक्का बसला, कारण तारीख कुठून आली तेही तिला लगेच कळलं. कॅमेऱ्याच्या आतलं घड्याळ कधीचं मेलेलं. बॅटरी काढून पुन्हा घातली की तो बिचारा दर वेळी विचारायचा, तारीख कोणती? आणि ही दर वेळी न वाचता 'ओके'चं बटण दाबून मोकळी. रोज रोज. वर्षभर!

तिनं धडाधडा सगळं सांगितलं.

"मला पटतंय गं," सर म्हणाले. "जुन्या कॅमेऱ्यांचं असं होतं. पण समिती म्हणते, कॅमेरा सेकंडहँड. आधीच्या मालकाचा फोटो कार्डात राहिला असेल आणि पोरीनं आपला म्हणून पाठवला असेल. मागच्या वर्षी एकानं वडिलांचा जुना फोटो खपवला होता, तेव्हापासून सगळे ताकही फुंकून पितात. पुरावा आहे का काही?"

पुरावा? करडाचा? जगातली सगळी करडं तोंडानं सारखीच. बाबांची बोटं दोन. आणि ते बाबा मेंढरं घेऊन कर्नाटकात उतरले, त्याला महिना झाला.

मॅडमनी फोन ठेवला आणि एक कागद पुढं सरकवला. 'दुसऱ्याचे छायाचित्र स्वतःचे म्हणून पाठविल्याबद्दल मी माफी मागते.' खाली तिची सही, पालकांची सही. उद्या संध्याकाळपर्यंत समितीकडं. नाही दिला तर शाळेला तीन वर्षं बंदी.

"सही करून टाक, विषय संपेल," मॅडम म्हणाल्या. फळ्यावरचं नाव तोवर कुणीतरी पुसलं होतं. नीट पुसलंही नव्हतं.

बाहेर करिश्मा आणि फरहाना उभ्याच होत्या. करिश्मा म्हणाली, "जन्माच्या आधी फोटो? अगं, तू तर देवमाणूसच निघालीस!" फरहानानं तिला असा चिमटा काढला की ती कळवळली. प्रतीक्षाला हसू आलं नाही. पैजेचा तो प्रश्न विचारलाच नसता तर, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं.

घरी आप्पा ड्यूटीवरून नुकतेच आले होते. महांतप्पा, एसटीचे कंडक्टर, वीस वर्षांची नोकरी, कुणाचं एक वाईट बोलणं अंगाला लागू न दिलेले. त्यांनी कागद दोनदा वाचला. 'दुसऱ्याचे' या शब्दावर बोट ठेवून थांबले.

"ह्ये लोक माझ्या पोरीला चोर म्हणायलेत?"

"चोरच म्हणायलेत, आप्पा."

प्रतीक्षाची आई, अव्वा, चुलीपुढनं उठून आली. दैवशालाबाईंचा आवाज एरवी तीन घरं पलीकडं जायचा, आज उंबऱ्यापर्यंतही पोचेना. "करा बाई सही. मोठ्या लोकांसंगं वाद नको. पोरीची जात आहे, उद्या गावभर व्हईल."

"झालंच आहे गावभर, अव्वा."

आप्पांनी खिशातलं पेन काढलं. टोपण उघडलं. प्रतीक्षाला तो आवाज शटरपेक्षा मोठा वाटला. वीस वर्षांत या माणसानं एकही खोटं तिकीट फाडलं नाही, आणि आता तिच्यासाठी खोट्या कागदावर सही करणार!

"थांबा आप्पा, एकदा फोटो तर बघा. तुम्ही बघितलाच कुठं अजून?"

तिनं बॅटरी घालून कॅमेरा सुरू केला. त्यानं तारीख विचारली. आज पहिल्यांदा तिनं ती वाचली आणि दात ओठ खात खरी तारीख भरली. मग कार्डातला मूळ फोटो काढला, न कापलेला. पडदा एवढासा, आप्पांनी चष्मा कपाळावर सरकवून तो डोळ्यांपाशी नेला. दुसऱ्या कुणी आधी करडू बघितलं असतं. आप्पा कंडक्टर. त्यांनी आधी गाडी बघितली.

"गाडी धाराशिवची व्हय," ते सवयीनं पुटपुटले.

"व्हय, मुरूम–धारा..."

प्रतीक्षानं कॅमेरा हिसकावूनच घेतला, भिंगाचं बटण दाबत गेली, दाबत गेली. खिडकीच्या खाली, तिनं स्वतः कापून टाकलेल्या भागात, पाटी. पिवळी, धुळकट, पण अक्षर न् अक्षर स्पष्ट. धाराशिव.

"आप्पा, दोन हजार आठला ह्या पाटीवर काय होतं?"

"उस्मानाबाद," आप्पा म्हणाले. त्यांचं तोंड उघडंच राहिलं. "जिल्ह्याचं नाव बदललं तवा नव्या पाट्या आल्या. अगं, तिसरंच वर्ष चालू आहे! जुन्या पाट्या म्या सोताच्या हातानं उतरवल्यात डेपोत!"

"म्हंजे?" अव्वानं विचारलं.

"म्हंजे ह्यो फोटो दोन हजार आठचा असूच शकत न्हाय. एसटीची पाटी सांगायलीय! आन् ह्या पाट्या आल्या तवा कॅमेरा खाजाभाईंकडं धूळ खात पडला हुता!" आप्पा खाली बसले. मग उठले. मग परत बसले. अव्वा एकदा त्यांच्याकडं, एकदा कॅमेऱ्याकडं बघत राहिली, हातातलं उलथनं तसंच वर धरून.

"अगं बया," ती शेवटी म्हणाली, "मग फोनवर धाड की तुझ्या मॅडमला, आन् मिटव."

प्रतीक्षानं माफीचा कागद उचलला, आप्पांच्या हातातलं पेन काढून टोपण लावलं.

"फोनवर धाडला तर म्हणतील मोबाइलवर पाटी चिकटवली. न्हाय. अव्वा, आप्पा, ऐका. ह्या कागदावर मी सही करणार नाही, आणि तुम्हीपण करायची नाही. उद्या सकाळच्या गाडीनं मी धाराशिवला जाणार, कॅमेरा आणि कार्ड घेऊन समितीपुढं उभी राहणार. तारीख टाकायचा कंटाळा केला, ती चूक माझी. तिची माफी मी सगळ्यांसमोर मागीन. चोरी मी केली नाही, तिची मागणार नाही. तुम्ही संगं आलात तर लई बरं वाटंल, नाही आलात तर एकटी जाते. पण जाते."