बॉबिनला गाठ नसते

मी एक जुना रहाट आहे. विहिरीवरचा नव्हे, मासे धरायच्या काठीवर बसतो, तो. दुकानात मला रील म्हणतात. पण माझे मालक शिंपी, सगळे त्यांना मास्तर म्हणतात, आणि त्यांच्या घरात रीळ म्हटलं की दोऱ्याचं रीळ पुढे येतं. म्हणून त्यांनी मला रहाट केलं. मित्रांनो, थोरांच्या आत्मवृत्तात त्याग असतो, क्षमा असते. माझ्यात तसलं फारसं सापडणार नाही. माझं बहुतेक आयुष्य दुसऱ्यावर जळण्यात गेलं, आणि ते काम मी मन लावून केलं.

माझा जन्म कारखान्यातला. दात पितळेचे, कणा पोलादी, आणि मधोमध दोरा गुंडाळायचा गुळगुळीत रूळ. त्या रुळाला मी माझं पोट म्हणतो. मास्तर ऐन तरुणपणी दुकानात आले, त्यांनी माझी मूठ फिरवून पाहिली, कानाशी धरून ऐकलं आणि म्हणाले, "हा." एवढ्या एका अक्षरावर माझं लग्न लागलं. तेव्हाच्या म्हाताऱ्या दुकानदाराने माझ्या पोटात तंगूस, म्हणजे मासे धरायचा नायलॉनचा दोरा, भरून दिला. सुरुवातीला त्याने रुळाला एक पक्की गाठ मारली, ती मारताना मास्तर बाहेर सायकलला कुलूप लावत होते. हे लक्षात ठेवा. मास्तरांनी मात्र कधी लक्षात ठेवलं नाही, कारण त्यांनी ती गाठ पाहिलीच नव्हती.

मग सुखाचे दिवस आले. सुट्टी लागली की आम्ही तळ्यावर. मास्तर काठी मागे नेत, पुढे झटका देत, आणि माझं पोट गरागरा फिरून दोरा पाण्यावर धावे. अशा वेळी त्यावर अंगठा हलकेच टेकवावा लागतो, नाहीतर दोरा गुंतून त्याचं घरटं होतं. मास्तरांचा अंगठा सुयांनी टोचून टोचून घट्ट झालेला, पण टेकायचा असा, जसं झोपलेल्या मुलाच्या कपाळावर कुणी हात ठेवावा. हातभर लांबीचे मासे मी सहज ओढले. गिऱ्हाइकाच्या सदऱ्याचं माप घेता घेता मास्तर सांगत, "असा रहाट पुन्हा होणे नाही." गिऱ्हाईक मान डोलवी, कारण फीत त्याच्या गळ्यापर्यंत आलेली असे.

तरीही मी जळतच होतो. शिलाई मशीनला रोज तेल, मला सुट्टीच्या दिवशी. कात्रीला खास म्यान, मला जुन्या कोटाची बाही. पण हे किरकोळ. खरं जळणं अजून यायचं होतं.

ते मास्तरांच्या साडूंमुळे आलं. साडू म्हणजे मास्तरीणबाईंच्या धाकट्या बहिणीचे यजमान. त्यांचं टायरचं दुकान. त्यांनी एकदा कोपरभर लांबीचा लाकडी मासा आमिष म्हणून पाण्यात टाकून असा मासा काढला, की फोटोत साडू त्याच्यामागे झाकले गेले. तो फोटो चौकट करून ते मास्तरांच्या दुकानात घेऊन आले.

"राहू दे इथेच, मास्तर. तुमच्याकडे माणसं येतात, बघतील."

"तुमच्याकडे येत नाहीत वाटतं?"

"येतात हो. पण ती टायरकडे बघतात."

फोटो भिंतीवर लागला. त्या दिवसापासून मास्तर एका सदऱ्याला दोन डाव्या बाह्या लावू लागले. मित्रांनो, जळणारा जळणाऱ्याला लांबून ओळखतो. मला वाटलं, आता आम्ही दोघं मिळून त्या साडूंवर जळू. पण मास्तरांनी वेगळाच मार्ग काढला. ते नवा रहाट घ्यायला निघाले, आणि तुलनेसाठी मला पिशवीत घालून बरोबर नेलं. नवी सून बघायला जाताना जुनीला पंखा धरायला न्यावं, तसं.

म्हाताऱ्याच्या जागी आता त्याचा मुलगा बसत होता. त्याने मला तळहातावर ठेवलं, जसा डॉक्टर एक्स-रे धरतो.

"मास्तर, हा छोट्या आमिषासाठी आहे. कोपरभर लाकूड याच्यावरून फेकलंत तर याचे दात खिळखिळे होतील. मोठ्या माशाला सांगाडा अख्ख्या धातूचा हवा. पोट रुंद हवं, म्हणजे जाड दोरा भरपूर मावतो. आणि दात कमी वेगाचे घ्या."

"कमी वेगाचे? पैसे देऊन मंद घेऊ?"

"चढावर गाडी कुठल्या गिअरमध्ये घालता? पहिल्याच ना? तसंच. वेग कमी, जोर जास्त. मोठं आमिष ओढून ओढून मनगट दुखतं, ते दुखणार नाही."

मग त्याने काळा, रुंद खांद्यांचा एक रहाट काचेवर ठेवला. मूठ लांब, तिच्या टोकांना जांभळाएवढे गोळे. माझे गोळे सदऱ्याच्या गुंड्यांएवढे. त्याने मळसूत्र पिळून पकड दाखवली. मासा किती जोराने ओढेल तेव्हा दोरा सुटेल, हे ती पकड ठरवते. मास्तरांनी रूळ धरून दोन्ही हातांनी पिळला. तो काळा जागचा हलला नाही. मी त्याच्यात खोट शोधली. मनापासून शोधली. सापडली नाही, आणि हे फार वाईट असतं.

बरोबर आलेल्या मास्तरीणबाई म्हणाल्या, "अहो, हे काठीवर लावायचं की यावर दळण दळायचं?"

"अगं, जोर बघ त्याचा."

"जोर दिसतोय. साडूंचा फोटोही दिसतोय."

दुकानदाराने मग माझ्याकडे बोट केलं. "हा जुना देऊन टाकता? याचे दात आता मिळत नाहीत. उघडून सुटे भाग काढून घेईन."

मास्तरांनी मला पुन्हा पिशवीत घातलं. मग म्हणाले, "आधी नवा चालतो का बघू. चालला, की आणून देतो."

म्हणजे तो चालला की मी उघडला जाणार. मी काय प्रार्थना केली असेल, ते तुम्हांला सांगायला नको.

घरी आल्यावर मास्तरांनी काळ्याच्या पोटात दोरा भरायला घेतला. नवा दोरा विणलेला, रेशमासारखा निसरडा. मास्तरांनी दोऱ्याचं टोक बोटाने दाबून धरलं, पहिले वेढे त्यावर घेतले, बोट काढलं आणि एकाशेजारी एक, कडक, देखणे वेढे देत गेले. बाई तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या.

"गाठ नाही मारलीत?"

"मशीनच्या बॉबिनला कुणी गाठ मारतं का? गाठ मारली तर दोरा संपताना अडकेल, कापड ओढलं जाईल. आयुष्य गेलं माझं यात."

"हे बॉबिन आहे होय?"

"बॉबिनचा थोरला भाऊ. तू शेंगा बघ."

मी कोपऱ्यातून पाहत होतो. माझ्या पोटात गाठ होती, त्यामुळे मला सगळं कळत होतं. रहाटाला बोलता येत नाही, हे खरं. पण आलं असतं तरी मी त्या दिवशी गप्प बसलो असतो.

सुट्टीच्या दिवशी दोन्ही कुटुंबं तळ्यावर गेली. मास्तर मला घरीच ठेवणार होते. बाईंनी माझी जुनी काठी माझ्यासकट उचलली. "असू दे. खायला मागत नाही."

काळ्याने लाकडी मासा इतका लांब फेकला की साडूंनी हातातली सुपारी कातरायची थांबवली. मला मान असती तर मी ती खाली घातली असती. तिसऱ्या का चौथ्या फेकीला पाणी उकळल्यासारखं झालं आणि काठी वाकून कमान झाली. मास्तर ओरडले, "लागला!" आणि मूठ फिरवू लागले. मूठ फिरत होती, पोट फिरत होतं, पण दोरा येत नव्हता. निसरड्या रुळावर दोऱ्याचा अख्खा गुंडा जागच्या जागी बसून होता आणि रूळ त्याच्या आतून फिरत होता. मग मासा पळत सुटला. त्यासरशी गुंडा उलटा गरगरला. पकड घट्ट पिळून उपयोग नव्हता. पकड रुळाला होती, दोऱ्याला नव्हती. बघता बघता शेवटचा वेढा सुटला आणि टोक काठीच्या एकेका कडीतून निघून पाण्यावर गेलं, एखादा पाहुणा जोडे घालून न सांगता जातो तसं.

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, असा आनंद मला कुठल्याच माशाने दिला नव्हता. मग मी मास्तरांकडे पाहिलं. त्यांचा तो अंगठा रिकाम्या रुळावर तसाच टेकलेला होता. आनंद तिथेच आंबला.

"अहो, बघता काय! दोरा तरंगतोय अजून!" बाईंनी माझ्यावरची बाही ओढून काढली. "जुना घ्या!"

मास्तरांनी मला हातात घेतलं. माझ्या तंगुसाला तीन काट्यांचा लहानसा गळ होता. त्यांनी तो तरंगत्या दोऱ्याच्या पलीकडे टाकला. मी हलकी वस्तू नेमक्या जागी टाकतो, ते त्या काळ्याला सात जन्मांत जमणार नाही. ओढत आणला, आणि दोरा काट्यात आला. दूर खोलात मासा दमून थांबला होता. मी दोरा काठाला आणला. माझे दात कुरकुरले, पण तुटले नाहीत.

"साडूभाऊ, धरा!"

साडूंनी रुमाल गुंडाळून दोरा मुठीत घेतला. टायर उतरवणारे हात ते. "सोडत नाही मास्तर, पण लवकर करा. हा मासा माझ्या फोटोतल्यापेक्षा मोठा आहे, आणि माझी नियत बदलतेय."

मास्तरांनी सगळ्या कड्यांतून दोरा ओवला. सुईत ओवणाऱ्याला कड्या म्हणजे दरवाजे. मग त्यांनी काळ्याच्या पोटावर गाठ मारली. एकावर दुसरी, दुसरीवर तिसरी.

मित्रांनो, मला वाटलं होतं मासा माझ्यावर ओढतील. नाही ओढला. काळ्यावर ओढला. आणि त्याने तो आणलाही, कुरकुर न करता, चढावर पहिल्या गिअरमध्ये. फोटो निघाला. मास्तर, मासा, काळा. मी गवतात होतो. फोटो नीट पाहिलात तर बाईंच्या चपलेशेजारी माझी मूठ दिसते.

म्हणजे नवा चालला होता. पुढच्या आठवड्यात मास्तर जाड गळ घ्यायला दुकानात गेले. पिशवीत मी होतो. आता संपलं, असं मी धरून चाललो होतो.

दुकानदाराने विचारलं, "जुना आणलात?"

"आणलाय. त्याच्या मुठीच्या गुंड्या ढिल्या झाल्यात, बदलून दे."

"म्हणजे देणार नाही?"

"अरे, तो कामावर आहे," मास्तर म्हणाले.

आता आम्ही दोघं एकाच कपाटात असतो. काळा रुंद आहे, जागा जास्त खातो. लोक आले की त्यालाच हातात घेतात. माझं जळणं चालू आहे, प्रकृतीला मानवतं.

मित्रांनो, तुम्ही नवं जरूर घ्या. मोठ्या कामाला मोठं हत्यार लागतं, हे मी दात-ओठ खाऊन कबूल करतो. पण तळ्यावरून आलात की रहाट गोड्या पाण्याने पुसा, कोरडा करा, आणि कपाटात ठेवण्याआधी त्याची पकड सैल करा. आवळलेल्या अवस्थेत पडून राहिलं की आतून कायमचं दबून जायला होतं. मास्तर माझी पकड न चुकता सैल करतात.

काळ्याची करायला ते कधीकधी विसरतात. मी आठवण करून देत नाही.