ठेवू का?

डॉक्टरबाईंची रबरी हातोडी… गुडघ्यावर पडली तरी आवाज नाही. आणि बाबा तिच्याकडे असे बघत होते, जणू जन्मभर सुतारकाम केलेल्या माणसापुढे कुणी खेळण्यातली अवजारं मांडलीत.

"हिनं… खिळासुद्धा… ठोकला जायचा नाही."

डॉक्टरबाई हसल्या, आणि हसता हसता मुलीकडे वळल्या. "बोलणं पहिल्यापासून असंच, की हल्ली संथ झालंय? तेवढं नक्की सांगा. त्यावर बरंच अवलंबून आहे."

सोपा प्रश्न. पोटच्या पोरीला ठाऊक नसेल तर कुणाला असणार? आई जाऊन वर्षं झाली, राहिली ती एकटी. आणि ती रोज ऐकत होती की बाबांना! चष्म्याच्या दुकानात कामाला जाता-येता, त्यांचे व्हॉइस मेसेज—दरवाजा घासतोय, पाणी आलं नाही, जेवलीस का… एकही चुकवला नव्हता, याचा तिला अभिमानच होता. मैत्रिणी तर वडिलांचे मेसेज उघडतसुद्धा नाहीत. फक्त ती ते दुप्पट वेगानं ऐकायची. सगळंच तसं ऐकायची, मैत्रिणींचं रडणंसुद्धा. दुकानात एखादं गिऱ्हाईक 'पहिली काच बरी… की दुसरी…' असं घोळ घालायला लागलं, की तिचा अंगठा आपोआप हलायचा, जणू त्याच्या कपाळावर बटण आहे. तिच्या डोक्यातले बाबा चांगले तडतड बोलणारे होते. गेल्या आठवड्यात बऱ्याच दिवसांनी घरी गेली, तर हा सावकाश म्हातारा समोर आला. म्हणून तर त्यांना इथं आणलं. पण मग हे आजारी आहेत, की नेहमीसारखेच?

"बाबा, तुम्हाला काय वाटतं?"

"मी… आहे तसाच… आहे."

"जुनं काही रेकॉर्डिंग?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

तिनं घाईघाईनं उन्हाळ्यातला एक मेसेज लावला, आणि एक किरटा, लगबगीचा आवाज खोलीभर धावू लागला.

"हा कोण?" बाबांनी विचारलं.

"तुम्हीच."

"मी?" त्यांनी मान तिरकी केली, रंधा मारून झाल्यावर फळीवरून नजर टाकावी तशी. "एवढी… कसली घाई… मला?"

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. फोन असं करतो, बाबा—म्हणता आलं असतं. पण तिनं वेग मूळचा केला आणि मेसेज पहिल्यापासून लावला.

"दरवाजा… घासतोय. रंधा मारीन… उद्या." श्वास. कुठंतरी भांडं ठेवल्याचा आवाज. "बरं… ठेवू का?" आणि मग काहीच नाही. पण मेसेज चालूच होता. बाबा थांबले होते—टेलिफोनवर थांबावं तसे, पलीकडून कुणी 'हो, ठेवा' म्हणेल म्हणून. बऱ्याच वेळानं हलकंच एक "ठेवतो," आणि बंद. हा शेवट तिनं कधी ऐकलाच नव्हता. 'बरं' आलं की ती पुढच्या मेसेजकडे वळायची.

"हे आजच्यासारखंच वाटतंय," डॉक्टरबाई म्हणाल्या, "पण हेही अलीकडचंच. त्याच्या आधीचं?"

आधीचं जुन्या फोनबरोबर गेलं होतं.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. इतकं भरभर, की डॉक्टरबाईंनी पुन्हा विचारलं, आणि तिला ते पुन्हा, सुटं सुटं म्हणावं लागलं. "मला… माहीत… नाही."

तपासण्या करून घेऊ, असं ठरलं. बाहेर बाकावर दोघं नंबराची वाट पाहत बसली. फोन पर्समध्ये होता.

"तू… लहान असताना…" बाबांनी सुरुवात केली आणि थांबले.

शब्द सापडत नव्हता, की त्यांची ही नेहमीचीच जागा होती थांबायची? तिला कळेना. मांडीवर तिचा अंगठा हलला. तिनं मूठ मिटली. 'काय, बाबा, लहान असताना काय?' हे ओठावर आलेलं गिळलं आणि त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. तिला भीती वाटत होती, आणि वाक्य अजून संपायचं होतं.