आठ दिवसांच्या तापाचा कागद

वकीलबाईंनी वर्षापूर्वीच सगळं समजावून सांगितलं होतं. संमतीने घटस्फोट हवा, तर आधी एक वर्ष वेगळं राहायचं. घर एकच आहे म्हणता? हरकत नाही, एका छपराखालीही वेगळं राहता येतं. फक्त नवरा-बायकोसारखं वागायचं नाही. मध्येच संसार पुन्हा जुळला, तर वर्ष पहिल्यापासून मोजायचं.

चष्म्याच्या दुकानदाराला हा कायदा काही अवघड वाटला नाही. गेली चार-पाच वर्षं दोघं तो न शिकताच पाळत होते. आता फक्त फ्रिजचे कप्पे वाटले गेले, चहाचे दोन डबे झाले आणि शिक्षिका असलेल्या त्याच्या बायकोने जे बोलायचं ते चिठ्ठीवर लिहून फ्रिजच्या दाराला चिकटवायला सुरुवात केली. शुद्धलेखन निर्दोष.

घटस्फोट तिला हवा होता. त्याने नुसतं 'बरं' म्हटलं होतं. पण अकराव्या महिन्यात त्याला न्यूमोनिया झाला आणि आठ दिवस ती त्याच्या उशाशी बसली. दर चार तासांनी ताप मोजून कागदावर मांडत राहिली. बरा झाल्यावर त्याने तो कागद प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये जपून ठेवला. हुकमाचा पत्ता! वर्ष पहिल्यापासून! म्हणजे आणखी बारा महिने पलीकडच्या खोलीतून तिचं खोकणं तरी ऐकू येणार.

अर्जावर सह्या करायच्या दिवशी त्याने फोल्डर वकीलबाईंच्या टेबलावर ठेवला.

"हे काय?"

"पुरावा. आठ दिवस हिने माझं सगळं केलं. आम्ही वर्षभर वेगळे राहिलो असं अर्जात लिहिलंय, ते खोटं ठरेल."

"अहो, लोक लग्न मोडायला पुरावे आणतात. मोडू नये म्हणून आणणारे तुम्ही पहिलेच!" वकीलबाईंनी कागद वाचला आणि चष्मा कपाळावर सरकवला. तो त्याच्याच दुकानातला होता. "आजारपणात शेजारीसुद्धा करतात हो. प्रश्न एवढाच आहे, बाई, की तुम्ही हे बायको म्हणून केलंत का?"

त्याने तिच्याकडे पाहिलं. तिने कागदाकडे. शेवटच्या नोंदीला ताप उतरला होता, आणि त्या नोंदीखाली तिने दोन रेघा ओढल्या होत्या.

"माणूस म्हणून केलं," ती म्हणाली. मग त्याच्याकडे वळली. "बायको म्हणून बसले होते, तेव्हा तुम्ही घरात होतात कुठे? दुकानातच तर होतात."

यावर त्याच्याकडे कागद नव्हता. त्याने सही केली.

"हा काही रेकॉर्डला लागायचा नाही," म्हणत वकीलबाईंनी फोल्डर परत दिला.

जिन्याच्या पायऱ्या झिजलेल्या होत्या. ती दोन पायऱ्या पुढे होती. वळणावर थांबून, मागे न बघताच म्हणाली, "अहो, कठडा धरून उतरा. अजून अशक्तपणा आहे."

हे कशात धरायचं, ते सांगायला वर वकीलबाई होत्या. तो परत गेला नाही. कठडा धरून, जमेल तितकं हळू उतरत राहिला.